पक्की वही

"बाई, पाय सांभाळा. कडेकडेनं या."

शेवंताचा आवाज आला तेव्हा मी गच्चीच्या शेवटच्या पायरीवर होते. ऊन अजून चढायचं होतं. गच्चीभर जुन्या धोतरांचे ओले पट्टे अंथरलेले होते आणि त्यांवर ओळीनं बिबडे, आमच्याकडचे ज्वारीचे पापड. पाण्यात हात बुडवायचा, पातेल्यातला ज्वारीचा गरम घाटा उचलायचा, कापडावर ठेवून बोटांनी फिरवत फिरवत थापायचा. बोलता बोलता तिचे हात चालत आणि एकही बिबडा दुसऱ्यापेक्षा लहानमोठा होत नसे. मी एकतीस वर्षं जळगावच्या नगरपालिकेच्या शाळेत मराठी शिकवलं, पण फळ्यावर इतकं गोल शून्य मला कधी काढता आलं नाही.

"हा घ्या, सरांचा वाटा." तिनं झाकलेली वाटी पुढे केली. "तेल वरून घाला. तिखट कमी टाकलंय."

सर म्हणजे माझे यजमान. मी शाळेतली बाई, म्हणून सगळ्या आवारात ते सर. मी त्यांना आयुष्यभर 'हे' म्हटलं, आता या वयात नाव काय घ्यायचं. रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर चार वर्षांनी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं एकेका शब्दावर आलं. अन्न गिळायला त्रास होई, पण शेवंताचा घाटा ते वाटी संपेपर्यंत खात.

मी वाटी घेऊन वळले तर जिन्यातून धांडे साहेब वर येत होते. आमच्या गिरिजा सोसायटीचे अध्यक्ष, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे पंचविशीची एक मुलगी, पाठीला पिशवी आणि हातात मोजायची टेप.

"या मृणाल मॅडम," धांडे म्हणाले. "सौरऊर्जेचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या इंजिनिअर. आपल्या गच्चीवर सोलर बसवणार आहेत. संस्था पैसे उभे करणार, आपण जागा द्यायची. वीज सगळ्यांनी वाटून घ्यायची."

मृणालनं चपला जिन्यात काढल्या आणि कडेकडेनं आत आली. टेपचं एक टोक कठड्याला लावलं, दुसरं कुठं धरावं ते तिला कळेना. सगळीकडे बिबडे.

"थांब पोरी, मी धरते," म्हणून शेवंतानं घाट्याचा हात पदराला पुसला आणि टेप धरून दोन पट्ट्यांच्या मधून चालत गेली. जिच्यावर तिचं पोट होतं ती गच्ची तिनं स्वतःच्या हातानं मोजून दिली. त्या सकाळी हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

धांडे म्हणाले, "शेवंताबाई, आता सूर्याला नवीन नोकरी. बिबडे वाळवायचं सोडून तो आमची बिलं वाळवणार."

"वाळवू द्या की. चार महिन्यांचं माझं दुकान बंद करून वाळवणार, तर नीट वाळवा म्हणा."

मृणालनं विचारलं, "मावशी, तुम्ही सोसायटीच्या मेंबर का?"

"मेंबर तर तो सूर्यबी नाही," शेवंता म्हणाली. "रोज येतोच ना."

मृणाल हसली. मीही हसले. धांडे सुद्धा.

शेवंता सपकाळे राहायची मागच्या ओळीत. सोसायटी बांधली तेव्हा मजुरांसाठी पत्र्याच्या चार खोल्या उभ्या केल्या होत्या, त्या पुढे पाडल्याच नाहीत. तिथं चार कुटुंबं भाड्यानं राहत. पुढे बारा फ्लॅट, मागे चार खोल्या, मध्ये एक कडुनिंब. मागच्या खोल्यांना स्वतःचं मीटर नव्हतं. सोसायटीच्या मीटरवरून एक वायर गेलेली, आणि उन्हाळ्यात पंप नि मागचे पंखे एकदम चालले की फ्यूज उडे म्हणून दुपारी बारा ते पाच मागचं बटण बंद. ते बटण धांड्यांच्या दाराशेजारी होतं. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना पत्र्याखालच्या बारा ते पाचबद्दल मी वेगळं काय सांगणार. शेवंताची सासू, ऐंशी पार केलेली, त्या वेळात दारात ओलं गोणपाट टांगून त्याच्या आत बसायची. अंगात काही उरलं नव्हतं तिच्या. आम्ही तिला म्हातारी म्हणायचो, ती मला 'मास्तरीण' म्हणायची.

शेवंता फेब्रुवारी ते मे गच्चीवर बिबडे, कुरडया, शेवया करून विकायची. बावीस वर्षं. बदल्यात दर घरी एक मोठा डबा. कोणी कधी कागद केला नव्हता.

आता कागद करायची वेळ आली होती. संस्थेचा नियम असा, की गच्ची कोणी वापरत असेल तर त्यानं ती राजीखुशीनं सोडल्याचं लिहून द्यायला हवं. मृणालनं ते पहिल्याच दिवशी सांगितलं. शेवंताला वाचून दाखवलं. शेवंतानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मिटिंगमध्ये बोलते."

मिटिंग रविवारी सकाळी गच्चीवरच झाली. बारा घरांतली माणसं सतरंजीवर, मागची चार कुटुंबं पाण्याच्या टाकीच्या सावलीत. सचिव मी होते. सोसायटी झाल्यापासून मीच. अक्षर चांगलं आणि वेळ भरपूर, म्हणून. माझ्या दोन वह्या असत. एक रफ, त्यात लोक बोलतील तसं भराभर टिपायचं. दुसरी पक्की, त्यात घरी येऊन शुद्ध करून, शाईच्या पेनानं उतरायचं. पक्क्या वहीत खाडाखोड नसे. धांडे पाहुण्यांना ती उघडून दाखवत.

मृणालनं सांगितलं ते असं होतं. गच्चीवरची वीज तारेतून बाहेरच्या लाइनीत जाईल, आणि ठरावात ज्या ज्या घराचं नाव असेल त्या घराच्या बिलातून तिचा वाटा कमी होईल. ज्यांना मीटर नाही त्यांना संस्था मीटर बसवून देईल. "मागच्या चार घरांसाठी तर मी मुद्दाम तरतूद करून आणलीय," ती म्हणाली. "अशी घरं कुठल्याच योजनेत येत नाहीत."

मग शेवंता उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला. तिला कधी मी उभं राहून बोलताना पाहिलं नव्हतं.

"गच्ची मी सोडते," ती म्हणाली. "बावीस साल तुमी मले ना नाही म्हटलं, आता मी तुमाले कशी म्हणू. पण येक. ही ईज आवारातल्या समद्यायले पायजे. पुढच्यायले आन मागच्यायले. माझ्या सासूले दुपारचा पंखा पायजे. बिबड्याचं मी पाहीन कुठंबी."

दुसऱ्या मजल्यावरच्या बायका "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणाल्या. धांडे म्हणाले, "मंजूर. बाई, लिहून घ्या."

मी रफ वहीत लिहून घेतलं. शेवंतानं तिथंच मृणालच्या कागदावर सही केली. सही करता येत होती तिला, मीच शिकवली होती, साक्षरतेच्या वर्गात. 'शेवंता' मधला अनुस्वार ती कुंकवाच्या टिकलीसारखा ठळक द्यायची.

त्याच संध्याकाळी मी पक्की वही घेऊन बसले. ह्यांना ऐकायला आवडे म्हणून मोठ्यानं वाचत लिहिलं. लिहून झाल्यावर ह्यांनी डावा हात जरा वर केला. शाबास म्हणायची ती त्यांची पद्धत. दुसऱ्या दिवशी धांड्यांची सही झाली, माझी झाली, ठराव संस्थेकडे गेला.

पंधरा दिवसांत गच्चीवर लोखंडी सांगाडे आले. शेवंतानं धोतरांचे पट्टे घडी करून ट्रंकेत ठेवले.

मार्च संपता संपता मृणाल एका दुपारी माझ्या घरी आली. पाणी प्यायली, ह्यांना नमस्कार केला, मग पिशवीतून ठरावाची प्रत काढली.

"बाई, एक अडचण आहे. वरच्या ऑफिसात यादी अडकलीय. ठरावात 'इमारतीतील सर्व सभासदांना' असं लिहिलंय. मागच्या खोल्यांमधले सभासद आहेत का?"

"नाहीत."

"मग ते यादीत बसत नाहीत. मिटिंगमध्ये तर सगळ्यांचं ठरलं होतं ना?"

मी प्रत हातात घेतली. अक्षर माझं, रेघ सरळ, खाडाखोड नाही. आत जाऊन रफ वही आणली. तिथं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'आवारातल्या समद्यायले. पुढच्या आन मागच्या.'

मी ते शुद्ध केलं होतं. बस, एवढंच. सचिव झाल्यापासून प्रत्येक ठरावात मी 'सर्व सभासद' लिहीत आले होते, आणि ते दोन शब्द पेनातून आपोआप उतरत. 'आवारातल्या समद्यायले' हे काय ठरावात लिहायचं, असा विचार मनात आला होता की नव्हता तेही आठवत नाही. मुलांच्या वहीतलं 'मले' खोडून 'मला' करावं, तसा हात फिरला असणार.

"चूक झाली गं माझी," मी म्हणाले.

"होतं, बाई. काही बिघडलं नाही. तुम्ही सचिव म्हणून एक पत्र द्या. दोन ओळी. 'सभासद' ऐवजी 'आवारातील सर्व रहिवासी' असं वाचावं. अध्यक्षांची सही नसली तरी चालेल. आठ दिवस आहेत. त्यानंतर यादी बंद होईल आणि मग माझ्या हातात काही नाही."

मी तेव्हाच लिहून द्यायला हवं होतं. पेन समोर होतं. पण मला वाटलं, अध्यक्षांच्या कानावर घालणं रीतीला धरून आहे. आयुष्यभर मी रीतीला धरून चालले.

धांडे तळमजल्यावर, व्हरांड्यात टेबलफॅन खोलून बसले होते. मी सगळं सांगितलं. ते पाती पुसत ऐकत होते.

"अस्सं," ते म्हणाले. "मग लिहा की पत्र."

"लिहिते."

"लिहा. माझी ना नाही." मग पाती खाली ठेवून म्हणाले, "एक सांगू का, वारके बाई? घरी सरांसाठी एसी घ्यायचं म्हणत होता ना तुम्ही? डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं. मागच्या उन्हाळ्यात ह्यांना दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. पाठीला जखमा होत, घामानं चिघळत. कूलरची दमट हवा छातीला सोसत नव्हती.

"मी हिशेब करून पाहिलाय," धांडे म्हणाले. "बारा घरांत वाटली तर दिवसाचा एसी तुमच्या वाट्यात बसतो. सोळांत नाही बसत. पेन्शनीत एसी चालवणं काय असतं ते तुम्हाला माहीत आहे." ते पुन्हा पाती पुसू लागले. "मी हे करा, ते करा, असं म्हणत नाही. पेन तुमच्या हातात आहे."

वर आले. कोरा कागद काढला. वर तारीख लिहिली, 'प्रति' लिहिलं. आत ह्यांनी कण्हल्यासारखं केलं म्हणून उठले, कूस बदलली, पाठ पुसली, पावडर लावली. कागद चष्म्याच्या घराखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशीही तो तिथंच होता. तिसऱ्या दिवशी पारा बेचाळीसवर गेला, एप्रिल लागायच्या आत. चौथ्या दिवशी शेवंता घाटा घेऊन आली. गच्ची नव्हती तरी घरापुरते थोडे बिबडे तिनं कडुनिंबाजवळ खाटेवर घातले होते.

"मीटर कधी येणार म्हणते ती पोरगी?" तिनं विचारलं. "म्हातारी रोज इचारते. तिनं पंखाबी पाहून ठेवला आहे, मनातल्या मनात. निळ्या पात्यांचा पायजे म्हणे."

"येईल," मी म्हणाले. चष्म्याचं घर तिच्या हातापासून वीतभर होतं.

ती गेल्यावर मी ह्यांना घाटा भरवला. वाटी संपली. मी त्यांच्याकडे पाहत बसले. पन्नास वर्षांचा संसार, आणि पाठीला हाताच्या तळव्याएवढी जखम. मी स्वतःला सांगितलं, पत्र उद्या लिहीन. सांगताना मला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी मृणालचा फोन आला. "बाई, पत्र न्यायला येऊ का?"

"नको," मी म्हणाले. "ठराव आहे तोच बरोबर आहे."

"बाई, पण तुम्हीच त्या दिवशी…"

"मी वही पुन्हा पाहिली. आहे ते बरोबर आहे."

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं." तिनं पुन्हा कधी मला फोन केला नाही.

यादी जिन्याखालच्या फळ्यावर लागली. बारा नावं. त्या सकाळी खाली आवाज झाला म्हणून मी खिडकीत गेले. शेवंता धांड्यांच्या दारासमोर उभी होती. मागच्या ओळीतली माणसं तिच्यामागे.

"तुमी बदललं," ती म्हणत होती. "साऱ्यायच्या समोर मंजूर म्हणाले आन मागून बदललं. माझी गच्ची घेतली तुमी. म्हातारीच्या तोंडातला वारा घेतला."

धांड्यांनी मान वर करून एकदा माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी पडद्यामागे होते, पण त्यांना कळलं असावं. मग त्यांनी मान खाली घातली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

थोड्या वेळानं शेवंता वर आली. रडत नव्हती. दारातच बसली, फरशीवर.

"बाई, तुमी तर सारं लिहून घेतलं होतं ना? मी पाहिलं, तुमी लिहू राहिल्या होत्या."

"हो."

"मग त्यानंच बदललं ना?"

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली नाही, भांडं हातात धरून राहिली.

"वरच काहीतरी बदललं असेल," मी म्हणाले. "माझ्या वहीत बरोबर होतं."

तिनं मान डोलावली. "मले माहीत होतं. तुमी असं लिहिणाऱ्या नाही. सही शिकवली तुमी मले." मग जाता जाता माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुमी जिवाले नका लावून घेऊ."

एसी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. खोली गार झाली तशी ह्यांनी डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी चेहरा सैल पडला. मी पंखा बंद केला. तेवढ्यात ते म्हणाले, "मागं?"

"काय मागं?"

त्यांना शब्द सापडायला वेळ लागे. "पंखा," ते म्हणाले. "मागं. आला?"

"आला," मी म्हणाले.

त्यांनी डावा हात जरा वर केला.

मागचं बटण त्या उन्हाळ्यातही बारा ते पाच बंदच राहिलं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी म्हातारी गेली. दुपारी तीनच्या सुमाराला, ओल्या गोणपाटाच्या आत. वय झालं होतं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मी दर्शनाला गेले तेव्हा कोणीतरी मला बसायला पाट दिला आणि शेवंता म्हणाली, "मास्तरणीले पाणी द्या रे, उन्हात आली ती."

पावसाळ्यानंतर शेवंतानं खोली सोडली आणि गावाबाहेर, हायवेच्या कडेला एका वस्तीत राहायला गेली. हे अजून तीन उन्हाळे राहिले. पाठीची जखम भरली. डॉक्टर म्हणाले, तुम्ही फार चांगली शुश्रूषा केलीत.

धांड्यांनी माझ्याशी त्या विषयावर कधी एक अक्षर काढलं नाही. जिन्यात भेटले की "काय म्हणतात सर?" एवढंच. ते गेले तेव्हा मागच्या ओळीतलं एकही माणूस दारात आलं नाही. त्यांच्या सुनेनं मला विचारलं, "काकू, बाबांनी या लोकांचं असं काय केलं होतं हो?" मी म्हणाले, "जुनं काहीतरी असेल."

मी सचिवपद सोडलं. पक्की वही कार्यालयात आहे, अजून पाहुण्यांना दाखवतात म्हणे. रफ वही माझ्या कपाटात आहे. त्या पानावर घाट्याचा एक वाळलेला डाग आहे. तो कधी पडला ते मला आठवत नाही, बाकी सगळं आठवतं.

शेवंता अजून दर वर्षी बिबडे पाठवते. पैसे दिले तर परत करते. आता तिला गच्ची नाही, हायवेच्या कडेला ताडपत्रीवर घालते. ट्रक जातात, धूळ उडते. गच्चीवरच्या बिबड्यात बावीस वर्षांत मला कधी कण लागला नव्हता. या वर्षीचा डबा परवा आला. वर चिठ्ठी होती, 'बाईसाठी', आणि खाली सही, अनुस्वार ठळक.

मी एक भाजला. पहिल्याच घासाला दाताखाली वाळू कचकन वाजली. थुंकले नाही. सबंध खाल्ला.